सोलापुरात बसून जपानी लेस पॉल : दोन घेतल्या, एक विकली

गिब्सन या अमेरिकन कंपनीच्या लेस पॉल या इलेक्ट्रिक गिटारची दर्जेदार जपानी कॉपी घ्यायची तर पुण्या-मुंबईच्या माणसाला निदान विचारायला कोणीतरी असतं. सोलापुरात नवी पेठ पालथी घातली तर अकॉस्टिक गिटार मिळेल, बेंजो मिळेल, ऑर्केस्ट्रावाल्यांसाठी कीबोर्ड मिळेल. जुन्या जपानी गिटारचं नाव काढलं की दुकानदार विचारतो, "वाजवायला पाहिजे का शोकेसला?" २०२३च्या सुरुवातीपासून २०२४च्या पावसाळ्यापर्यंत मी या सगळ्यातून गेलो. शोध, दोन खरेद्या, कस्टमची जकात, सेटअप, ओरिजिनलशी तुलना आणि शेवटी एकीची विक्री. लातूर, पंढरपूरकडची वाजवणारी मुलं अधूनमधून फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो. शनिवार-रविवारी ऑर्केस्ट्रात लीड वाजवतो. गणपती, नवरात्र, लग्नसराई. आधीची गिटार आणि एक प्रोसेसर विकून २८,००० रुपये हातात आले होते, बाकी बाजूला टाकलेले. एकूण लाखभराची उडी. गिब्सनची नवी लेस पॉल स्टँडर्ड तेव्हा अडीच-तीन लाखांच्या घरात होती, आणि १९५९च्या घडणीबरहुकूम त्यांच्या कस्टम शॉप या खास विभागातली तर त्याच्या दुपटीच्याही वर. १९५८ ते १९६० या काळात सनबर्स्ट रंगात निघालेल्या ज्या मूळ गिटार, त्या जेमतेम दीड हजाराच्या आसपास बनल्या. आज त्यांचे सौदे कोटींत होतात. सगळ्या कॉप्या होतात त्या याच गिटारच्या.

जानेवारी २०२३. गड्डा यात्रा उरकत आली होती, तेव्हा पुण्यातली एक जाहिरात दिसली. 'गिब्सन लेस पॉल २००८, अर्जंट सेल, ४५,०००.' फोटोत चकाचक. विकणाऱ्याला मी फोनवर हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या असतात त्या वरच्या टोकाच्या, मागच्या नंबरचा फोटो मागितला, तर म्हणाला, "या की प्रत्यक्ष, फोटोत काय कळतंय." हुतात्मा एक्स्प्रेस धरली आणि गेलो. खिशात टॉर्च, छोटा स्क्रूड्रायव्हर आणि मल्टिमीटर. ही तीन हत्यारं घेतल्याशिवाय कुठलीही जुनी गिटार बघायला जाऊ नका.

गिटार मांडीवर घेतली आणि आधी हेडस्टॉकवरचं ते घंटेच्या आकाराचं झाकण बघितलं, ज्याच्या खाली ट्रस रॉडचं, म्हणजे नेकच्या (दांड्याच्या) आतल्या सळईचं, टोक असतं. गिब्सनमध्ये ते दोन स्क्रूंवर बसतं. इथे तीन होते. परवानगी घेऊन झाकण काढलं. गिब्सनला आत पितळी षटकोनी नट असतो, पाना लावून फिरवायचा. इथे ॲलन-कीचं भोक. मग टॉर्च तिरका धरून नेकच्या मागून बोट फिरवत गेलो, तर हेडस्टॉकच्या जरा खाली लाकडाच्या रेषा एकदम दिशा बदलत होत्या आणि रंगाखाली आडवा जोड दिसत होता. गिब्सनचा नेक हेडस्टॉकसकट एकाच ओंडक्यातून निघतो, फक्त हेडस्टॉकच्या दोन्ही कडांना छोटी ठिगळं चिकटवलेली असतात. शेवटी नंबर. २००५नंतर गिब्सनचा क्रमांक नऊ आकडी झाला. त्यातला पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष, आणि मधले तीन म्हणजे त्या वर्षातला कितवा दिवस. या गिटारवर मधले तीन आकडे होते ४१२.

"दादा, दोन हजार आठ साली चारशे बारा दिवस होते का हो?" मी विचारलं.

तो हसला. म्हणाला, "फर्स्ट कॉपी आहे, पण वाजते एक नंबर. पस्तीसला द्या घेऊन." मी चहा घेतला आणि निघालो. वाजायला ती खरंच अगदी टाकाऊ नव्हती, हेही सांगतो. पण दुसऱ्याच्या नावाचा खोटा शिक्का मारलेला माल विकणं हा ट्रेड मार्क्स ॲक्ट, १९९९ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि उद्या ती मला विकायची झाली तर मी काय सांगणार होतो? खोटं बोलावं लागणार असेल तर तो माल घ्यायचाच कशाला, एवढा साधा हिशेब मी केला. या सगळ्या प्रकरणात माझं मत तिथेच पक्कं झालं. कॉपीला माझी हरकत नाही. तिच्या हेडस्टॉकवर बनवणाऱ्याचं स्वतःचं नाव पाहिजे.

असं नाव असलेल्या कॉप्या जपानने केल्या. साठच्या दशकाच्या शेवटी गिब्सनची मालकी बदलली, पुढे नॉर्लिन ही कंपनी आली, आणि सत्तरच्या दशकातल्या गिब्सन जड आणि ढिसाळ निघतात अशी ओरड सुरू झाली. नेमक्या त्याच वेळी जपानी कारखाने पन्नासच्या दशकातल्या जुन्या गिटार पुढ्यात ठेवून त्यांची मापं घेत होते. मात्सुमोतोच्या फुजीजेन कारखान्यातून ग्रेको यायच्या. हामामात्सुची तोकाई कंपनी १९७८पासून लेस पॉलच्या कॉप्या काढायची. फर्नांडिस कंपनी बर्नी नावाने काढायची. जून १९७७मध्ये नॉर्लिनने अमेरिकेत एल्गर या आयातदारावर दावा ठोकला. एल्गर म्हणजे आयबनेझवाल्यांची तिथली शाखा. भांडण होतं हेडस्टॉकच्या वरच्या कडेच्या, उघड्या पुस्तकासारख्या आकारावरून, आणि १९७८मध्ये ते कोर्टाबाहेर मिटलं. आज कुठलीही जुनी जपानी गिटार 'लॉसूट', म्हणजे दाव्यातली, म्हणून हजार-पाच हजार चढवून विकतात. तो दावा एकाच कंपनीवर होता. तोकाई, ग्रेको किंवा बर्नीवर नव्हे. विक्रेत्याने हा शब्द काढला की मी मनातल्या मनात किंमत उतरवतो.

१९८८ ते १९९८ या काळात तर गिब्सनच्याच परवान्याने जपानात ऑर्व्हिल नावाच्या गिटार निघत होत्या. त्या चांगल्याच आहेत, फक्त माझ्या बजेटच्या बाहेर गेल्या होत्या. ईएसपी या जपानी कंपनीची एडवर्ड्सही विचारात होती, पण त्यात मला जुनं लाकूड मिळणार नव्हतं आणि माझा जीव जुन्यात अडकलेला.

जपानी मॉडेलच्या नंबरात बहुतेक वेळा त्या काळची किंमत लपलेली असते. ग्रेको ईजी-६०० म्हणजे तेव्हाचे ६०,००० येन, तोकाई एलएस-८० म्हणजे ८०,०००. नंबर मोठा तसा माल वरचा. त्या काळच्या ग्रेकोच्या क्रमांकाची सुरुवात इंग्रजी अक्षराने होते, ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, असं. पुढचे दोन आकडे वर्षाचे. एवढं पाठ असलं की समोरचा 'सेव्हन्टीजची आहे' म्हणून थापा मारू शकत नाही.

पहिली मिळाली ती बर्नी, बंगळुरूला, जुलै २०२३मध्ये. मालक कॅनडाला निघालेला, घरातलं सगळंच विकायला काढलेलं. मागितले ७०,०००, ठरले ६२,०००. ऐंशीच्या दशकातली, आरएलजी मॉडेलची, हेडस्टॉकवर स्वच्छ 'बर्नी' आणि खाली 'सुपर ग्रेड' लिहिलेलं. पिकअप, म्हणजे तारांखालचा आवाज पकडणारा भाग, उचलून बघितली, मूळची व्हीएच-१ जागेवर होती. त्याच कंपनीच्या नंतरच्या काळातल्या चिनी आणि कोरियन बर्नीही बाजारात फिरतात, त्यामुळे पिकअप बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. हेडस्टॉकच्या मानेवर एक केसाएवढी रेष होती. लेस पॉलचं मर्मस्थान तेच. हेडस्टॉक सतरा अंशांत मागे कललेला, त्यात ट्रस रॉडसाठी नेमकं तिथेच लाकूड कोरलेलं, त्यामुळे स्टँडवरून पडली की तिथेच तुटते. मी टॉर्च धरला, तारा सैल करून हेडस्टॉक हलकेच मागे-पुढे केला. रेष उघडत नव्हती, नखाला लागत नव्हती. वरच्या लॅकरचीच होती ती. तशीच रेष नखाला अडकली असती तर मी किमतीतून निदान एक तृतीयांश कापून मागितले असते.

परतीला उद्यान एक्स्प्रेस. वरचा बर्थ मुद्दाम घेतला आणि हार्डकेस भिंतीकडे लावून आडवा झालो. रायचूरच्या पुढे टीसी आला, बघून म्हणाला, "ह्येचं तिकीट?" आणि हसत पुढे गेला. सकाळी घरी आल्यावर केस लगेच उघडली नाही. एसी डब्यातून आलेली गिटार दिवसभर केसमध्येच बंद राहू द्यावी, म्हणजे लाकूड आणि रंग खोलीच्या हवेला सावकाश जुळतात. आईला हे पटेना. "एवढे पैसे देऊन आणलीस आणि बघत बी नाहीस?"

सेटअपला पुण्यालाच जावं लागलं. फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) समतल करून, नट (हेडस्टॉकजवळची, तारांच्या खाचांची पट्टी) घासून, ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, लावून ७,५०० रुपये. दिलेल्या तारखेनंतर जवळजवळ तीन आठवडे थांबलो, कारण कारागिराकडे गणपतीच्या आधीची गर्दी. सोलापूरकरांनी ही कामं श्रावणाच्या आधी उरकून घ्यावीत.

बर्नी हातात होती, पण ग्रेको डोक्यातून जात नव्हती. ऑक्टोबरात मामेभाऊ कंपनीच्या कामासाठी काही आठवडे टोकियोला गेला आणि मला संधी सापडली. तिथे ओचानोमिझु नावाचा भाग आहे, अख्ख्या रस्त्यावर गिटारचीच दुकानं. भाऊ सुट्टीच्या दिवशी फोनचा कॅमेरा चालू ठेवून फिरला आणि मी इथे पाटावर वही घेऊन बसलो. त्याला गिटारमधलं ओ की ठो कळत नाही, जे एका अर्थी बरंच झालं. मी सांगेन तिथे कॅमेरा नेत होता, स्वतःचं मत देत नव्हता. तिथल्या दुकानांची एक गोष्ट मला फार आवडली. गिटारला चिठ्ठी लावलेली असते, आणि वजन, बदललेले भाग, फ्रेट किती शिल्लक, सगळं त्यावर लिहितात. आमच्या गिटारवर लिहिलं होतं, फ्रेट आठ आणे-बारा आणे असं मोघम नाही, तर सरळ दहापैकी आठ भाग शिल्लक. मागचा एक ट्यूनर बदललेला, तेही लिहिलेलं.

ग्रेको ईजी-६००, क्रमांकावरून जून १९८१ची. करासकट १,८१,५०० येन. परदेशी पाहुण्याला तेव्हा पासपोर्ट दाखवून तिथला दहा टक्के कर माफ व्हायचा, म्हणजे १,६५,०००. अट एवढीच होती की वस्तू देशाबाहेर न्यायची आणि जाताना त्यांच्या कस्टमने विचारली तर दाखवायची. भावाला मी तीन गोष्टी बजावल्या होत्या. बिलावर ब्रँड, मॉडेल, क्रमांक आणि 'जुनी' असा शब्द इंग्रजीत लिहून घे. तारा अर्ध्या सैल कर, पण पूर्ण काढू नकोस. आणि केसमध्ये हेडस्टॉकच्या खाली-वर कपडे ठासून भर, इतके की केस हलवली तरी आत काही हलता कामा नये. शिसवीच्या फ्रेटबोर्डसाठी (नेकवरच्या पट्टीसाठी) साइट्स या आंतरराष्ट्रीय वन्यजीव कराराचा दाखला लागतो का, हा प्रश्न मलाही पडला होता. २०१७पासून सगळ्या शिसवी जातींवर ते बंधन आलं होतं, पण नोव्हेंबर २०१९पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझीलच्या शिसवीला मात्र ही सूट नाही. ती १९९२पासून सगळ्यात कडक यादीत आहे, म्हणून कोणी साठच्या आधीची मूळ गिटार आणायला निघालं असेल तर कागद आधी करावेत.

नोव्हेंबर २०२३, मुंबई विमानतळ. भावाचा सूर होता, "दादा, हिरव्यातून निघून जाऊ का? जुनीच तर आहे." मी नाही म्हटलं. लाल मार्गाने, म्हणजे माल जाहीर करणाऱ्यांच्या रांगेतून, गेला. अधिकाऱ्याने केस उघडायला लावली, बिल बघितलं, येनचा कस्टमचा स्वतःचा जाहीर दर लावला. रुपयांत ९५,७०० झाले. त्यातून तेव्हाची ५०,००० रुपयांची सवलत वजा, उरलेल्यावर ३८.५ टक्के, म्हणजे १७,६०० रुपयांच्या आसपास. कार्डाने भरले, पावती मिळाली. सगळ्याला तासाभराच्या आत वेळ लागला, त्यातला बराचसा रांगेत. त्या सवलतीत भावाच्या बाकीच्या नव्या वस्तूही धरल्या जातात, म्हणून त्या खेपेला त्याला दुसरं काही महागडं आणू नको म्हटलं होतं. वहिनी अजून त्याबद्दल बोलते. सवलतीची रक्कम आणि दर बदलत असतात, तेव्हा निघायच्या आधी त्या वेळचे आकडे बघून घ्या. आणि ती पावती जपून ठेवा. विकताना तिची किंमत कळते.

मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने भाऊ स्वतःच घेऊन आला. आमच्या घरी कडक भाकरी आणि शेंगा चटणी खाताना म्हणाला, "पुढच्या वेळी कंगवा-बिंगवा मागव."

हिवाळा बरा गेला. खरी परीक्षा मार्चपासून. सोलापूरची हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी पडते की लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं फ्रेटबोर्डच्या कडेला बाहेर येऊन बोटाला टोचायला लागतात. मी चारशे रुपयांचा आर्द्रतामापक आणला होता. एप्रिलच्या दुपारी बंद खोलीत तो वीस-बावीस टक्के दाखवायचा. संध्याकाळी कूलर लावला की त्याच खोलीत तासाभरात साठच्या वर, सकाळी कूलर बंद केला की पुन्हा खाली. नुसत्या कोरडेपणापेक्षा हा रोजचा चढ-उतार वाईट. नेक आज सरळ, उद्या वाकडा. उपाय म्हणून गिटार कूलरच्या खोलीतून हलवली आणि केसमध्येच ठेवायला लागलो. सोबत साबणाच्या डबीला भोकं पाडून आत ओला करून पिळलेला स्पंज. पाणी टपकता कामा नये. दर दोन-तीन दिवसांनी स्पंज ओला करायचा. केसमध्ये पंचेचाळीस ते पन्नास टक्के टिकले. नेक बघायची रीत सोपी आहे. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरायचा आणि सातव्या-आठव्यावर तारेखाली व्हिजिटिंग कार्ड सरकवायचं. जेमतेम सरकलं तर ठीक. ट्रस रॉड फिरवायचाच झाला तर एका वेळी पाव फेऱ्याच्या वर नाही.

तुलनेची कल्पना आमच्या डॉक्टरांची. जुळे सोलापुरात त्यांचा दवाखाना, वरच्या मजल्यावर गिटार. इंग्लंडात नोकरीला असताना त्यांनी गिब्सन लेस पॉल स्टँडर्ड नवी घेतली होती. कॉपी-ओरिजिनलचा वाद आमच्यात जुना. एका रविवारी तिन्ही एकत्र केल्या.

तुलना करायची तर नीट करावी, नाहीतर नुसत्या गप्पा होतात. तिन्हींना एकाच दिवशी एकाच कंपनीच्या दहा-शेहेचाळीसच्या तारा लावल्या. शेवटचा फ्रेट दाबून पिकअपपासून तारेचं अंतर तिन्हींवर दोन मिलीमीटर केलं, कारण पिकअप जवळ असली की आवाज मोठा येतो आणि माणसाला मोठा आवाजच चांगला वाटतो. एकच अँप, एकच केबल, एकच पिक. ऑर्केस्ट्रातला ढोलकीवाला आणि कीबोर्डवाला पाठ करून बसले. वजनं आदल्या दिवशी कारखान्यातल्या काट्यावर केली होती. बर्नी ४.४ किलो, ग्रेको ४.२. डॉक्टरांची गिब्सन ४.१. मल्टिमीटरवर पिकअप ग्रेकोच्या ७.४ आणि ७.६ किलोओहम, गिब्सनच्या आठच्या जरा पुढे. सेठ लव्हरने १९५५मध्ये बनवलेल्या मूळ हमबकरच्या, म्हणजे दोन वेटोळ्यांच्या, पिकअप साधारण याच पट्ट्यातल्या असत, म्हणून ग्रेकोचे आकडे बघून मला बरं वाटलं.

डिस्टॉर्शन लावल्यावर दोघांनाही धड ओळखता आलं नाही. कीबोर्डवाल्याने तर दोनदा बर्नीलाच गिब्सन म्हटलं. ढोलकीवाल्याला बर्नीची ब्रिज, म्हणजे बुडाकडची, पिकअप सगळ्यात आवडली, "हिला मांडवात कीबोर्डच्या वर ऐकू येणार" म्हणाला, आणि मांडवाचा त्याचा अनुभव माझ्याहून मोठा आहे. पण अँप स्वच्छ करून नेक पिकअपवर सावकाश काही वाजवलं की गिब्सन वेगळी कळायची. प्रत्येक सूर सुटा. विशेषतः व्हॉल्यूमचा कान पाचवर आणला की गिब्सन नुसती हळू व्हायची, ग्रेको मात्र गदळ. इथे डॉक्टर जिंकले, मी तसं मान्य केलं.

तिन्हींमध्ये एक दुखणं सारखं होतं, तिसरी म्हणजे 'जी' सुराची तार सुरात राहीना. वाकड्या हेडस्टॉकवर ती तार नटमधून तिरकी जाते आणि अडकते. जपान्यांनी नक्कल इतकी इमानाने केली की मूळचं दुखणंही उचललं. नटच्या खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासलं की तिघींचंही काम भागलं.

ग्रेकोचा गदळपणा मात्र पिकअपचा नव्हता. नवी पेठेत रेडिओ-अँप दुरुस्त करणारे एक अण्णा आहेत, त्यांच्याकडे नेली. त्यांनी मागचं झाकण उघडलं, चष्मा कपाळावर चढवला, एकेक पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या कानाखालचा भाग, मोजला. ५०० किलोओहम पाहिजेत तिथे दोन पॉट तीनशेच्या आसपास आलेले. कोणीतरी मधल्या काळात बदलले असणार. मी त्यांना पन्नासच्या दशकातल्या जोडणीचा नकाशा दाखवला, ज्यात टोनचा कपॅसिटर व्हॉल्यूमच्या मधल्या पायाला जातो, म्हणजे आवाज उतरवला तरी वरचे सूर मरत नाहीत. "ह्यात काय हाय, पाच वायरी हायती," म्हणाले. पॉट घेताना एक जपा. अमेरिकन पॉटची मान जाड असते, जपानी गिटारच्या भोकात बसत नाही आणि लोक भोक मोठं करून घेतात. मिलीमीटरच्या मापाचे पॉट मिळतात, तेच मागवा. ०.०२२ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, चार पॉट आणि अण्णांची मजुरी धरून १,९०० रुपये. काढलेले जुने भाग पिशवीत घालून तारीख लिहून केसमध्ये ठेवले. त्यानंतर पाचवरची ग्रेको ऐकून डॉक्टरांनी स्वतःच्या गिटारचंही झाकण उघडायचं ठरवलं.

दोन ठेवणं मला परवडणार नव्हतं. ग्रेकोचा नेक हाताला बसला होता, म्हणून बर्नी विकायला काढली. तो २०२४चा जुलै, आणि त्याच महिन्यात जपानातून बातमी आली की फर्नांडिस कंपनीने दिवाळं जाहीर करून गाशा गुंडाळला. चौकश्या वाढल्या. एकाने सल्ला दिला की आता वीस हजार चढवा. मी ७२,००० लिहिले.

जाहिरातीत पहिल्याच ओळीत लिहिलं की ही गिब्सन नाही, जपानी बर्नी आहे. मग हेडस्टॉकवरच्या रेषेचा जवळून फोटो, फ्रेटचं काम कधी झालं, वजन, पिकअपचे आकडे. इतकं लिहूनही पहिला फोन हाच, "गिब्सनचं स्टिकर लावून द्याल का? तुमचं जास्तीचं देतो." त्याला नाही सांगायला वेळ लागला नाही. दुसरा स्वतःला लष्करात असल्याचं सांगत होता, गिटार न बघताच पूर्ण पैसे देतो म्हणाला आणि क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. हा धंदा आता सगळीकडे चालतो, नंबर ब्लॉक करून पुढे जायचं. कुरिअरने मागणारेही होते. मी कुरिअर टाळलं. आमच्या ओळखीच्या एकाची गिटार अशीच हेडस्टॉक तुटून पोचली होती आणि भरपाईसाठी तो महिनोन्महिने अर्ज करत बसला.

शेवटी लातूरचा एक मुलगा आला, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, वडिलांना घेऊन. एसटी स्टँडवरून थेट घरी. मुलगा वाजवत होता, वडील मला विचारत होते, "काका, चाळीस वर्षं जुनी वस्तू, नवीपेक्षा महाग कशी?" मी त्यांच्यापुढे बंगळुरूची पावती, पुण्याच्या कामाचं बिल आणि मल्टिमीटर ठेवला. त्यांच्या मुलानेच झाकण काढून ट्रस रॉड बघितला, रेषेवर नख फिरवलं. ७०,०००वर ठरलं. यूपीआयला दिवसाला लाखाची मर्यादा असते, त्यात बसत होतं. माझ्या बँकेचा मेसेज आल्यावरच केस बंद केली. साध्या कागदावर दोन प्रतींत लिहून दिलं, कोणी कोणाला काय विकलं, मॉडेल, रक्कम, तारीख, आणि एक ओळ मुद्दाम, 'सदर गिटार बर्नी कंपनीची असून गिब्सन म्हणून विकलेली नाही.' दोघांच्या सह्या, आधारचे शेवटचे चार आकडे.

वडिलांनी कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, "आणि उन्हाळ्यात हिला ठेवायची कुठं?" साबणाच्या दुसऱ्या डबीला मी आधीच भोकं पाडून ठेवली होती, ती दिली.

पैशांचं विचाराल तर बर्नीवर ६९,५०० आणि प्रवास एवढा खर्च झाला, म्हणजे वर्षभर वाजवायला मिळाली तिकीटभाड्याच्या मोलात. ग्रेको कर आणि अण्णांसकट १,१५,२००ला पडली. पुण्याला जाऊन तिचे फ्रेट दाखवायचे बाकी आहेत, ते यंदा श्रावणाच्या आधी.